मापवाली जाऊ

माझी धाकटी जाऊ कोणाच्याही घरी गेली की आधी भिंतींकडे बघायची, मग माणसांकडे. एकदा कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एका गावात आम्ही पोरगी बघायला गेलो. पोरीनं पोहे आणले, सगळे तिच्याकडे बघत होते आणि ही दाराच्या चौकटीकडे. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय गं, कशी वाटली पोरगी?" तर म्हणते, "पोरगी चांगली हाय अक्का, पर दार लई बुटकं हाय. त्या घरातल्या बाया वाकूनच मोठ्या झाल्या असतील." असं तिचं बोलणं. दुसऱ्या बायांच्या कमरेला किल्ल्या असतात, हिच्या कमरेला टेप खोचलेला. मापवाली हे नाव मीच ठेवलं तिला. कौतुकानं ठेवलं असं आता सगळ्यांना वाटतं. वाटू द्या.

तुम्हाला म्हणून सांगते, मी जळत होते तिच्यावर.

तिची पोरगी आठवीत गेली आणि हिनं, चौतीस वर्षांच्या बाईनं, हिंगोलीला घरांचे नकाशे काढायच्या दोन वर्षांच्या कोर्सात नाव घातलं. दहावी पास होतीच. आमच्या घरात शब्द चालायचा तो माझ्या मालकांचा, म्हणजे तिच्या मोठ्या दिरांचा. ते म्हणाले, "शिकू द्या तिला. पर एकदा जरी नापास झाली, तर दुसऱ्या दिवशी एसटी बंद." मी दाराआड उभी राहून ऐकलं. हेच मालक बरं का! मी तिच्या वयाची असताना गावात बायांसाठी लिहायवाचायचा वर्ग निघाला होता, तेव्हा मला म्हणाले होते, "भाकर काय अक्षरावर भाजणार हाय?" मग मी लेकरांच्या अंकलिपीवर आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर अक्षर अक्षर लावत शिकले. कोणाला सांगितलं नाही. आणि हिला, काल आलेलीला, थेट कॉलेज!

रोज सकाळी पाठीवर नकाशांचं लांबट नळकांडं अडकवून ती निघायची. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची, तेही हसत हसत सांगायची. मागं तिच्या वाटणीच्या भाकरी माझ्याकडे. मी टोमणा मारायची, "जा बाई जा, ताजमहाल बांधायचा राहिलाय." ती चपलेत पाय घालत म्हणायची, "ताजमहालात सैपाकघर कुठंय अक्का? मला सैपाकघर काढायचंय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

गावातली निम्मी घरं सलीमभाई मिस्त्रीनं बांधलेली. त्याचं माप म्हणजे कोपरापासून बोटापर्यंतचा स्वतःचा हात, नाहीतर दोरी. एकदा तो ओसरीवर चहा पीत होता. म्हणाला, "भाभी, आमच्या तीन पिढ्या हातानंच मोजत आल्या. बराबर बसतंय सगळं." हिनं कप बाजूला ठेवायला लावला आणि टेप काढून त्याचा हात मोजला. एकोणीस इंच. मग माझा हात ओढला. सोळा. वीतही मोजली, आठ. "बघा भाईजान, अक्कानं हातानं मोजून कपाट सांगितलं आन् तुमी तुमच्या हातानं केलं. म्हणून ते दारातून आत गेलं न्हाई." सलीमभाई इतका हसला की चहा सांडला. मी नाही हसले. माझा हात सगळ्यांसमोर तोकडा निघाला, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

दुसऱ्या वर्षी परीक्षेसाठी राहत्या घराचं माप घेऊन नकाशा काढायचा होता आणि त्यात सुधारणा सुचवायची होती. हिनं आमचंच घर घेतलं. तिची एक खोड होती, माप घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारायची, "तुमी बसता कुठं?" मालकांना विचारलं, लेकरांना विचारलं, मला विचारलं. मी म्हणाले, "मला कुठं जागा हाय? चुलीपुढं." तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सैपाकघराची लांब भिंत मोजायला दोन माणसं लागत होती. एका कोपऱ्यात ज्वारीची कणगी होती. टेपचं टोक माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "अक्का, कणगीच्या मागं हात घाला आन् टोक पार कोपऱ्याला लावा." मी हात घातला. मागं काही दिसत नव्हतं, तिलाही नाही, मलाही नाही. कोपरा बोटांना लागत होता. पण मी टोक कोपऱ्याला लावलं नाही. वीतभर अलीकडे धरलं.

"धरलं का अक्का?"

"धरलं."

काहून केलं, विचारू नका. तिनं आकडा लिहिला, तेव्हा माझ्या छातीत गार वाटलं, हे मात्र खरं.

आठ दिवसांनी ती कॉलेजातून आली आणि पाठीवरचं नळकांडं खाली टाकलं. सरांनी नकाशा परत दिला होता. बाहेरून मोजलेली भिंत आणि आतून मोजलेली भिंत जुळत नव्हती. सोमवारपर्यंत बरोबर करून नाही दिला, तर नापास. मालक ओसरीवरून बोललेच, "एसटीचा पास पुढच्या महिन्याचा काढू नको अजून." तिनं ताट सारलं. मला वाटलं होतं की आज मला चार घास जास्त जातील. पहिलाच घास फिरत राहिला तोंडात.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कागद पुढ्यात घेऊन पुन्हा पुन्हा बेरीज करत होती. मग थांबली. "आठ इंच," ती हळूच म्हणाली. "बराबर आठ इंच कमी पडून राहिलेत." आणि तिनं वर बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे. मी परातीत पीठ मळत होते. हात पिठात लपवायला बरा होता.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. मालकांना सांगेल. सांगितलं असतं तर मी कुठं तोंड दाखवणार होते? ती उठली. हातोडी आणली, कणगी एकटीनं रेटून बाजूला केली आणि अगदी कोपऱ्यात एक खिळा ठोकला. त्याला टेप अडकवला, दुसऱ्या टोकाला गेली, माप घेतलं. सगळं एकटीनं. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "अक्का, चहा ठेवता का? तुमीबी घ्या थोडा." एवढंच. आजवर त्याच्यावर एक शब्द नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो.

सोमवारी नकाशा गेला आणि ती पास झाली. नकाशाप्रमाणे घरात काय काय करायचं ते ठरवायला सलीमभाई आला. कागद बघून चक्रावला. "भाभी, इथं खिडकी? कणगीच्या कोपऱ्यात? तेबी जमिनीपासून दीड फुटावर? बकरी आत येईल ना!"

ती म्हणाली, "येऊ द्या बकरी. अक्का खाली बसून वाचतात, उभ्यानं न्हाई."

मालकांनी मान वर केली. "कोण वाचतं?"

"अक्का. पुड्यांचे कागद घेऊन दाराच्या फटीपाशी तिरक्या बसतात. तिथंच तेवढा उजेड येतो." हे ती खिडकीच्या मापाइतक्या सहज बोलून गेली. पस्तीस वर्षं ज्या घरात मी राहिले, त्या घरात हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललं गेलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून येताना मालकांनी पेपर आणला आणि माझ्यापुढं ठेवून गेले.

पुढं तिला हिंगोलीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात काम मिळालं. नवरा आणि लेकरं घेऊन तिकडेच राहते. गेली त्या दिवशी मी एसटीपाशी उभी राहून म्हणाले, "त्या भिंतीचं मी..." तर म्हणाली, "अक्का, खिडकीला पावसाळ्याआधी रंग द्या, लाकूड फुगतंय." आणि चढली. आता लोक मला येऊन सांगतात की तुमच्या जावेनं अमक्याचं घर काढलं, तमक्याचा बंगला काढला. खोटं कशाला बोलू? चांगल्या खिडकीत बसून पेपर वाचते आणि जळते.

दिवाळीला आली होती. मागं एक खोली वाढवायची, म्हणून सैपाकघराची भिंत पुन्हा मोजायला निघाली. टेप कमरेलाच होता. टोक माझ्यापुढं धरलं. मी म्हणाले, "मला काहून देतीस? खिळा हाय ना तिथं."

"खिळ्याला तुमचा चष्मा लटकलाय," ती म्हणाली. "तुमीच धरा."

मी खाली बसले आणि कोपरा बोटांनी दोनदा चाचपला.

"धरलं का अक्का?"

"धरलं," मी म्हणाले.

तिनं आकडा लिहिला. पुन्हा मोजला नाही.