उष्टं ताट आणि रिकामी खुर्ची

शेवग्याच्या शेंगेचा चावून टाकलेला चोथा तुम्ही कधी नीट बघितलाय? नका बघू. मी अकरा वर्षं बघितलाय. ताटाच्या कडेला चोथ्याची रास, पिळून चेपलेली लिंबाची फोड, सुकून पापुद्रा धरलेलं वरण आणि दातांची खूण असलेला पोळीचा तुकडा. नवरा हात धुऊन बाहेरच्या खोलीत बातम्या लावायचा आणि इकडे स्वयंपाकघरात त्याच ताटात मी माझं वाढून घ्यायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन येवल्याहून पंचवटीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं, "आमच्यात नवऱ्याच्या ताटात जेवतात. प्रेम वाढतं त्यानं." प्रेम! डोंबल वाढतं. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. पण नवी नवरी, बोलणार काय? घास तोंडात घालताना श्वास धरला की वास येत नाही, ही युक्ती मी पहिल्या आठवड्यातच शोधून काढली.

पोटानं मात्र ती युक्ती मानली नाही. जेवलेलं वर यायचं. आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, घशातून नळी घालून झाली, पोटात काहीच नाही म्हणाले डॉक्टर. सासूबाई म्हणायच्या, "नखरे आहेत." आणि मी गप्प बसायचे. नवऱ्याच्या उष्ट्याची किळस येते म्हणणारी बाई म्हणजे वाईटच की! नवऱ्याला कधी सांगितलं नाही, कारण घर त्याचं, रीत त्याच्या घरची, त्याला सगळं ठाऊकच असणार असं मी धरून चालले होते.

मी आणखी दहा वर्षंही तसंच रेटलं असतं. पण एका मे महिन्याच्या सुट्टीत माझी आठ वर्षांची मुलगी तिच्या आतेभावाबरोबर भातुकली खेळत होती. त्यानं चुरमुरे खाल्ले, थोडे तसेच टाकले आणि उठला. हिनं ती ताटली पुढे ओढली, डोळे मिटले, श्वास धरला आणि ते उष्टे चुरमुरे गिळले. अगं बाई, खेळातसुद्धा! तिला हे कुणी शिकवायला गेलं नव्हतं. रोज मला बघून शिकली होती. मी मोरीत जाऊन ओकले, आणि त्या दिवशी किळस आली ती माझी मलाच. हे माझ्या मुलीच्या वाट्याला जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच डोक्यात राहिलं.

मग समुपदेशक शोधायला लागले. हा शब्दही मला दवाखान्यातल्या नर्सनं दिला. पहिले भेटले ते एक गृहस्थ. त्यांनी नवऱ्यालाही सोबत बोलावलं. "घरी काही त्रास?" असं विचारल्यावर नवरा म्हणाला, "छे, काहीच नाही," आणि दोघं द्राक्षांच्या भावावर घसरले. शेवटी मला सांगितलं, सकारात्मक विचार करा. करा म्हणे! चोथ्याचा सकारात्मक विचार करून दाखवा तुम्ही.

दुसरं एक शिबिर, मंगल कार्यालयात. बोलण्यापेक्षा अनुभवावर भर, असं पत्रकात छापलं होतं. जाऊन बघते तर हॉलभर माणसं उशा बडवत रडतायत आणि माइकवरचा माणूस "सोडून द्या, सोडून द्या" म्हणून ओरडतोय. मग म्हणे शेजाऱ्याला मिठी मारा. कुणा अनोळखी बाईचा घामानं चिकट झालेला गाल माझ्या गालाला लागला. मी चपला शोधल्या आणि तडक रिक्षात बसले.

नर्सनंच मग देवळाली कॅम्पातल्या एका बाईंचं नाव सुचवलं. आता मी शहाणी झाले होते. फोनवरच विचारलं, "हे शिकलात कुठं? गर्दी असते का? मिठ्या मारायला लावता का?" त्या हसल्या नाहीत. कुठं शिकल्या ते नीट सांगितलं. म्हणाल्या, "आपण दोघीच असू. नुसतं बोलायचं नाही, जे घडतं ते इथं करून बघायचं. नको वाटलं की थांबायचं."

दुसऱ्या भेटीत त्यांनी माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली. "इथं सासूबाई बसल्यात असं समजा. काय सांगायचंय ते सांगा त्यांना." बसमध्ये मी वाक्यं घोकत आले होते. खुर्चीकडे बघितलं, उठून उभी राहिले, पदर सावरला आणि म्हणाले, "आई, चहा ठेवू का?"

रिकाम्या खुर्चीला! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हरकत नाही. आता तुम्ही त्या खुर्चीत बसा. सासूबाई व्हा."

घरी मी सासूबाईंच्या खाटेच्या काठालाही कधी टेकले नव्हते. अंग चोरून बसले. बाईंनी विचारलं, "आई, तुम्ही कुणाच्या ताटात जेवलात?" आणि माझ्या तोंडून थेट सासूबाईंच्या सुरात निघालं, "ह्यांच्या. तंबाखू खायचे ते. भाताला वास यायचा." सासरे तंबाखू खायचे हे मला माहीत होतं. त्यांच्या ताटात कोण जेवत असेल, हे मनातही आलं नव्हतं. दया आली का? अजिबात नाही. राग दुप्पट झाला. स्वतः ते गिळून, सगळं माहीत असून, हिनं माझ्यापुढं सरकवलं!

पुढच्या तीन भेटींत आम्ही एकच केलं. उष्टं ताट उचलायचं, बाजूला ठेवायचं, स्वच्छ ताट घ्यायचं आणि तोंडानं सांगायचं. ताट खरं, चोथाही खरा. तो बाईंनी स्वतः चावून ठेवला होता.

नंतरच्या रविवारी दुपारी नवरा जेवून उठला. मी त्याचं ताट मोरीत ठेवलं आणि फळीवरून दुसरं काढलं.

"हे काय नवीन?" सासूबाई म्हणाल्या.

"मला किळस येते." आवाज चिरकला, पण म्हणाले.

नवरा हात पुसत दारातच थांबला. "कसली?"

"तुमच्या उष्ट्या ताटाची. अकरा वर्षं त्यातच जेवतेय."

त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू माझ्या ताटात जेवायचीस? मला वाटलं, ते आईच्या वेळेपुरतंच होतं. शी!"

शी म्हणाला! अकरा वर्षांत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं. डोकं असं सणकलं माझं, पण त्याच्याशी भांडायला उभा जन्म पडला होता. मुलगी समोर बसली होती आणि माझ्या नाकाकडे टक लावून बघत होती. मी तिला ऐकू जाईल असा मोठ्यानं श्वास घेतला आणि घास तोंडात घातला.