खांब कापल्यानंतर

आमच्या मार्केटात कुणी जिना धडधडत चढू लागलं, की मालक ओरडायचे, "हळू! लाकूड हाय ते, दगड नाय!"

मार्केट म्हणजे गुलमंडीमागचं मालकांचं जुनं दुमजली घर. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्यांचं छत. भार सगळा लाकडावर, भिंती नुसत्या मधे भरलेल्या. वाटण्या झाल्यावर त्यांचे भाऊ पुण्याला गेले आणि मालकांनी खोल्याखोल्यांची दुकानं केली. माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या जुन्या देवघरात. मालक आत येताना चपला बाहेर काढत. त्यांचं बघून माझी गिऱ्हाइकंही काढू लागली. "देव गेले, पर जागा तीच हाय ना," म्हणायचे.

दर्शनी खोली एका मोबाइलवाल्याला हवी होती, पण मधे खांब येत होता. "खांब काढा, मग घेतो," तो म्हणाला. मालकांनी लोखंडी गर्डर सांगितला. तो यायला उशीर झाला आणि मोबाइलवाल्याला घाई होती. मालकांनी दोन बांबूंचा टेकू दिला आणि खांब कापायला लावला.

त्याच दुपारी वरची फळी खचली. वर नसीमआपा ब्लाऊज शिवत बसायच्या. त्या मशीनसकट खाली आल्या. मालकांनीच त्यांना उचलून रिक्षात घातलं. गुडघा पुन्हा नीट वाकला नाही.

गर्डर आला, छत सावरलं. मोबाइलवाल्याला मालकांनी हात जोडून वाटेला लावलं आणि ती दर्शनी खोली आपांना दिली. वर, आपांच्या जागी, स्वतःची खाट टाकली. रोज सकाळी खाली येऊन आपांचं शटर उचलायचे, चहा ठेवायचे. आपा "शुक्रिया" म्हणायच्या, पण मान वर करायच्या नाहीत.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," मालक एकदा माझ्याकडं येऊन म्हणाले. "ही शुक्रिया लई टोचती हो."

"मग बोला ना त्यांच्याशी."

बरेच दिवस घुटमळले. एका दुपारी धीर करून आपांच्या दारात उभे राहिले. मी समोरून बघत होतो.

"आपा, माझ्यामुळं झालं. माफ करता का?"

आपांनी मशीन थांबवली नाही. "गिऱ्हाईक आनेवाला है, मालक. बाद में."

मालकांनी मान हलवली आणि जिना चढले, एकेक पायरी, आवाज न करता.

दिवाळीत ते कन्नड गावाला लेकीकडं गेले. तिथंच, झोपेत गेले. बातमी आली तेव्हा दुकानं अर्धी मिटवून आम्ही सगळे बाहेर उभे होतो. आपांनी मला खूण केली. "भाऊ, वर न्याल का मला?"

पडल्यानंतर त्या कधी वर गेल्या नव्हत्या. माझा दंड धरून चढल्या. वर मालकांची खाट, घडी घातलेली चादर, कोपऱ्यात काठी. आपा खाटेच्या कडेवर बसल्या.

"माफ नव्हतंच केलं मी," त्या म्हणाल्या. "रोज पाय दुखतो, कसं करू? पर उस दिन झूठ ही बोल देती. काय गेलं असतं माझं?"

खालून कुणी बाई हाका मारत होती, ब्लाऊज घ्यायला आली होती. मी सांगायला वळलो.

"थांबू दे तिला," आपा म्हणाल्या, आणि त्या चादरीवरून हात फिरवत राहिल्या.