तलवार बदक आणि तळ्यावर आडवा पडलेला जावई

नाशिकचा माणूस बदकांचे फोटो काढायला पालघर जिल्ह्यात जातो, हे ऐकून आमच्या पक्षी-फोटोवाल्या ग्रुपमधले लोक अजूनही हसतात. "अरे, दारात नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य असताना?" हसोत बापडे. तिथे बदकं ढिगानं असतात हे खरं, पण इतकी लांब की माझ्या लेन्समध्ये ती मोहरीएवढी दिसतात. माझी सासुरवाडी मासवणजवळ. गावाबाहेर छोटंसं तळं आहे, अर्धं कमळांनी भरलेलं, आणि थंडीत तिथे काठाच्या अगदी जवळ तलवार बदकं उतरतात. नराचं डोकं चॉकलेटी, मानेवरून वर चढत गेलेला पांढरा पट्टा, मागे सुईसारखी लांब शेपटी. तीन हिवाळे मी त्याच्या मागे होतो. तिन्ही वेळा फक्त पाठमोरे फोटो घेऊन परतलो.

यंदा जानेवारीत बायको, म्हणजे हर्षदा, फोन ठेवून म्हणाली, "आई सांगत होती, उन्हाळ्यात तळं उपसून गाळ काढणार आहेत. चहूबाजूंनी कठडाही बांधणार."

तलवार बदक खोल पाण्यात बुडी मारत नाही, ते उथळ पाण्यात डोकं खुपसून खातं. कठडा आला की उथळ कड गेली, आणि कड गेली की बदकं गेली. यंदा नाही तर कधीच नाही. शुक्रवारी रजा टाकली आणि दोघं निघालो.

रस्ता विचाराल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. घाटात मध्येमध्ये डांबर रुसलेलं आहे, पण उजाडता निघालात तर जेवायच्या वेळेला आरामात पोचता. जव्हारला चहा-नाश्ता उरकून घ्या. गाडी नसेल तर पालघर स्टेशनबाहेरून मनोरकडे जाणारी एसटी मिळते. राहायला पालघर किंवा बोईसरला हजार-दीड हजारात साधी, स्वच्छ खोली मिळून जाते. माझी सोय फुकट होती, पण सासुरवाडीचा पाहुणचार फुकट पडत नाही, तो कमरेवर दिसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चोरपावलांनी निघालो, तरी सासूबाईंनी गाठलंच. "जावईबापू, एवढ्या पाटंचं कुठं? च्या तरी घ्या." चहा घेतला, तळ्यावर गेलो, अंगावर लपायची हिरवी जाळी ओढली आणि बांधाखाली पालथा पडलो. बदकाचा फोटो उभ्यानं काढला की तो नुसता पुरावा होतो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर गेलात तरच तो फोटो होतो, आणि त्यासाठी चिखलात झोपावं लागतं. नवशिक्यांनी हे लिहून ठेवावं.

धुकं विरळ झालं. तलवार बदकांचा थवा समोर होता. नर हळूहळू वळत होता. अजून थोडा, अजून थोडा...

"धावा रं! जावई पडलाय तळ्यावर! हालत नाय!"

शेजारचे बुधाजीकाका बांधावरून चालले होते. त्यांना जाळीखालून बाहेर आलेले माझे दोन पाय तेवढे दिसले. मी मान वळवेपर्यंत अर्धी आळी धावत आली. कुणी मला उताणा केला, कुणी ओरडलं, "कांदा फोडा, कांदा!" आणि खरोखरच फोडलेला कांदा माझ्या नाकात कोंबला गेला. फिट आलेल्या माणसाला शुद्धीवर आणायचा हा जालीम उपाय शुद्धीत असलेल्या माणसावर केला की काय होतं, ते मी सांगू शकतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि त्या पाण्यातून मी पाहिलं, सगळी बदकं उडून सूर्या नदीकडे निघाली होती.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धापा टाकत पोचल्या. "बापू, काय झाला? दुखते का कुठं?"

"काही झालं नाही हो आई. फोटो काढत होतो."

"निजून?"

"बदकाच्या डोळ्यासमोर डोळा आणावा लागतो."

बुधाजीकाका मागून हळूच म्हणाले, "मी बोललो ना, डोक्याला लागलाय."

सासूबाईंचा चेहरा पडला. "घरात खुर्ची नाय का आपल्या? लोक काय बोलतील? जावयाला चिखलात निजवला!"

मला राग आला होता, आणि तो मी मुळीच लपवला नाही. दुपारी न झोपता हर्षदाला घेऊन बोईसरमार्गे तारापूरकडे गाडी काढली. बोईसरला चहाच्या टपरीवर कारखान्यातून सुटलेला एक कामगार माझ्या लेन्सकडे बघत म्हणाला, "इतना बड़ा कैमरा! किसी की शादी है क्या?"

"नहीं भाई, बतख के लिए."

"बतख की शादी?"

हर्षदा जी हसत सुटली ती घिवली येईपर्यंत. घिवलीचा किनारा ओहोटीला बघा. ओल्या वाळूवर टिलवे नावाचे चिमुकले पक्षी लगबगीनं पळत असतात, आणि बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात तिथे कुरव पक्षी टपून बसतात. एक सूचना मात्र पाळा, अणुवीज केंद्राच्या दिशेला कॅमेरा करू नका, चौकशा मागे लागतात. मी कुरवावर नेम धरला तशी बोंबील उलटे करणारी बाई म्हणाली, "पाखरांचा काय काढता? आमच्या बोंबलांचा काढा. ती उडून तरी जायाची नाय."

बोंबलांचा फोटो उत्तम आला. राग थोडा उतरला.

रात्री जेवायला उकडहंडी होती, मातीच्या मडक्यात शिजवलेले कंद, शेंगा, वांगी. थंडीत या भागात आलात तर कुणाच्या तरी घरची ओळख काढा, पण ही खाऊन जा. वाढता वाढता सासूबाईंनी विचारलं, "तुमाला नक्की काय पायजे ते दाखवा बघू." मी मोबाईलवर तीन वर्षांचे फोटो काढून दाखवले. त्यांनी ते चष्मा लावून पाहिले.

"सगळ्यांत पाठच दावतो हा."

"म्हणून तर येतो दरवर्षी. आणि पुढल्या वर्षी तळंच असं राहणार नाही."

ताटात आणखी एक रताळं पडलं.

रविवारी पहाटे मी तळ्यावर पोचलो, तर बांधाच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून, शाल पांघरून, हातात म्हशी हाकायची काठी घेऊन सासूबाई बसलेल्या. "निजा तुमी," त्या म्हणाल्या. "आज कोन येत नाय हिकडं."

मी तळ्याच्या पूर्वेला निजलो, म्हणजे ऊन पाठीमागून येईल. मागून दबक्या आवाजात बोलणं कानावर येत होतं.

"वरच्या वाटेनं जा."

"का गो?"

"जावई निजलाय."

"परत?"

हसू दाबताना माझा कॅमेरा हलला. पण माणूस काय, म्हैससुद्धा त्या बांधावर आली नाही. तळं इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. आधी चक्रांग बदकं आली, मग हळदीकुंकू बदकांची जोडी, आणि मग कमळांच्या पानांतून वाट काढत तो आला. सरळ माझ्याकडे. ऊन त्याच्या गळ्यावर पडलं, त्यानं मान उंच केली, शेपटी उचलली, आणि त्याच्या डोळ्यात सूर्याचा इवलासा ठिपका चमकला. मी शटर दाबलं. दाबतच राहिलो.

थवा चरत लांब गेल्यावर मी उठलो आणि चिखलानं माखलेला तसाच बांधावर नाचलो. लाज कसली! तीन वर्षांची भूक होती. सासूबाईंना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. "अगो बाय, हा तर लग्नाला निघालाय!" परतीच्या वाटेवर त्यांनी भेटेल त्याला थांबवून तो फोटो दाखवायला लावला. बुधाजीकाकांना दोनदा.

फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. ग्रुपमधले हसणारे आता पत्ता विचारतात. मी जिंकलो, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण तळं जाणार म्हणताना फोटोखाली गावाचं नाव लिहायला मन होईना, ते या पक्ष्याचं तिथलं शेवटचं दर्शन ठरेल असं वाटायचं.

मार्चच्या सुरुवातीला सासूबाईंचा फोन आला. आवाज काळजीचा. "बापू, तुमची बदका दोन दिस झाली दिसत नाय. रोज सकाळी बघून येते मी. कोनी मारली-बिरली नाय ना?"

"नाही आई. ती उत्तरेला गेली, फार लांब. तिकडे अंडी घालतील, पिल्लं वाढवतील. थंडी पडली की येतील."

"म्हंजे संसार तिकडं."

"हो."

"नि हिकडं नुसता खायाचा, निजायचा. कामाचा नाव नाय."

"अगदी तसंच."

मग त्या म्हणाल्या, "मंग आमचा तळा त्यांचा माहेर झाला की ओ. नि ही मानसा माहेर उपसाया निघालीत? उद्या ग्रामसभा हाय. कुठली कड उथळ ठेवायची, तेवढा मला सांगून ठेवा."

"पूर्वेची, आई," मी म्हणालो.