दोन्ही काठांवर जेवणारे

घरात पाहुणे आले की मला गोष्ट सांगायला बसवतात. निदान मी तसं समजतो. बायकोचं म्हणणं, मी आपणहून बसतो आणि मग उठत नाही.

त्या हिवाळ्यात धुळ्याहून माझी थोरली बहीण पोंक खायला येणार होती. कोवळ्या ज्वारीचा पोंक, लिंबू-मिऱ्याची शेव आणि आमची गच्ची, एवढ्यासाठी ती दरवर्षी सुरतेला येते. भावाला भेटणं त्यातच उरकून जातं. या खेपेला मात्र मला धाकधूक होती. आठवीतली माझी मुलगी आत्याशी बोलेल की नाही?

त्याचं असं झालं होतं. उन्हाळ्यात आम्ही धुळ्याला लग्नाला गेलो. हळदीच्या दिवशी मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "मला बहु ऊंघ आली." तिचा जन्म सुरतेचा, शाळा गुजराती, गल्ली हिंदी. झोपेला ऊंघ म्हणणं तिच्या लेखी मराठीच. पण भावंडांनी वरात निघेपर्यंत तिची 'ऊंघबाई' करून टाकली. इकडे शाळेत ती 'पेली मराठी', म्हणजे ती मराठीवाली. परतीच्या गाडीत तिनं जाहीर केलं, नातेवाइकांशी बोलणं बंद. "मी माझी स्वतःची भाषा बनवणार. त्यात चूक काढायचा हक्क फक्त माझा."

भाषा एल्फ लोकांची निघाली. एल्फ म्हणजे कोण, हे मला मोबाईलवर चित्रं दाखवून शिकवण्यात आलं: लांब टोकदार कान, जंगलात वस्ती, म्हातारपण नाही. तिसऱ्या गोष्टीचा मला हेवा वाटला. त्यांच्यात प्रकार असतात. जंगल कधीच न सोडलेले ते सायरू. नदी ओलांडून गेले ते ओव्हेन. झाडाच्या ढोलीत पडून राहतात आणि कामाच्या वेळी सापडत नाहीत ते गुंब्रा. हा शेवटचा प्रकार तिनं एका रविवारी दुपारी माझ्याकडे बघत शोधला, असा मला दाट संशय आहे.

मीही शिकायला लागलो. बँकेत माणसं मला हुशार समजतात, पण एके सकाळी बायकोला 'सुप्रभात' म्हणायला गेलो ते 'तुझे कान गळाले' निघालं. मुलगी चहा सांडेपर्यंत हसली.

बहीण आली. मुलगी पाया पडली आणि गप्प.

"काय वं, बोलत का नाहीस? सुरतेच्या पाण्यानं जीभ पातळ झाली का?"

मुलगी मोबाईलमध्ये शिरली. बहीण माझ्याकडे बघायला लागली, मी पंख्याकडे. पंखा हिवाळ्यामुळे बंद होता.

संध्याकाळी गच्चीवर पोंकाची ताटली मध्ये घेऊन बसलो. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी गोष्ट सुरू केली. "एका नदीकाठी ओव्हेन राहत होते. त्यांनी जंगल कधी सोडलं नाही..."

"सायरू," मुलगी पुटपुटली.

"तेच ते. त्यांना नदी ओलांडायची होती, म्हणून गुंब्रांनी रातोरात एक होडी बांधली..."

"पप्पा! साव खोटुं, एकदम खोटं! गुंब्रा कसली होडी बांधणार? ते झोपतात!" आणि ती आत्याकडे वळली. "आत्या, हे सगळं उलटं सांगतात. तू माझं ऐक. वच्चे, म्हणजे मधोमध, नदी आहे ना, तिच्या या बाजूला..."

मग जे सुरू झालं ते थांबेना. मराठीत गुजराती, गुजरातीत हिंदी, मध्येच एल्फ. बहिणीचं तोंड पोंकानं भरलेलं, कान मोकळे. ती हसली नाही. मी मुद्दाम चुकलो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. खरं म्हणजे मला आठवतच नव्हतं.

"मंग मी कोन शे यासमा?" बहिणीनं घास गिळून विचारलं.

"तू सायरू. तू खानदेश सोडला नाहीस ना."

"अन् तुझा बाप?"

"ओव्हेन. सुट्टीच्या दिवशी गुंब्रा."

"बरोब्बर. अन् ओव्हेनची पोरं? नदीपलीकडं जन्मली, अन् लग्नाकार्याला अलीकडं येतात, ती?"

मुलगी शेव निवडत राहिली. "त्यांना शब्द नाही. त्यांना दोन्हीकडचे आपलं म्हणत नाहीत."

मी शेवेची पुडी तिच्याकडे सरकवली.

"शब्द नसला तर कर," बहीण म्हणाली, चटणी वाढ म्हणावं तशी. "भाषा तुझीच ना? मी उद्या दुपारच्या गाडीनं जाणार, त्याआधी पाहिजे. अर्थ मी सांगते: दोन्ही काठांवर जेवणारे. तिकडं हुरडा, इकडं पोंक. आम्ही एकाच काठावर बसलोय कधीचे."

दुसऱ्या दिवशी उधना स्टेशनवर मुलीनं खिडकीच्या गजांशी तोंड नेऊन सांगितलं, "लुआमी." बहिणीनं दोनदा म्हणून बघितलं आणि पिशवीतला लाडू तिच्या हातावर ठेवला, शब्दाची पोच म्हणून.

आता पुन्हा धुळ्याला लग्न आहे. आत्याच्या फोनवर मुलगी "येते" म्हणाली, आणि कालपासून बॅग भरतेय. भावंडांना ते सायरू आहेत हे सांगायचं आहे, सगळी भाषाच शिकवायची आहे.

"आणि ते चुकले तर?" मी विचारलं.

"हसणार," ती खुशीत म्हणाली. "थोडंसंच. पण पप्पा, त्याआधी तुम्ही नीट शिका हां. तिथं माझी इज्जत जाईल."