नाकाची वही

आमच्या रंगाच्या कारखान्यात धूळ ओढून घेणारं एक यंत्र आहे. त्यात कापडी पिशव्या असतात. आठवड्यातून एकदा त्या झटकल्या की बादलीभर भुकटी खाली पडते. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. एरवी कुणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि चहाला चौघं बसली की भदाभदा पडायला लागतात. मी इथे लॅबमध्ये केमिस्ट. मूळची गारगोटीची, पण चौदा वर्षं कोल्हापूरच्या एमआयडीसीत थिनर हुंगतेय. हवा स्वच्छ ठेवायची जबाबदारीही माझ्याच गळ्यात. म्हणजे भांडणंही माझीच!

*

पहिला किस्सा त्या धुळीचाच. यंत्र यायच्या आधी रंगाची पूड हातानंच भांड्यात ओतायचे. पोतं उघडलं की अख्ख्या शेडमध्ये ढग. मिक्सिंगचे आमचे ऑपरेटर शिवाप्पा, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कागलच्या पलीकडचे, निम्मं मराठी निम्मं कानडी, तीस वर्षांची नोकरी. एकदा गुलाबी रंगाची बॅच होती. अण्णा डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी! साबणानं जाईना, तेव्हा तसेच एसटीत चढले.

एसटीत सगळ्यांना तो देवाचा गुलाल वाटला, "चांगभलं" म्हणत सरकून जागा दिली. शेजारच्यानं विचारलं, डोंगरावर गर्दी किती हाय? अण्णांच्या डोक्यात कारखाना. म्हणाले, दोन शिफ्टा चालू हायत. त्या माणसानं म्हणे हातच जोडले.

दुसऱ्या दिवशी अण्णा थेट मालकांच्या केबिनमध्ये. "मालक, धुळीचं यंत्र बसवा लवकर. काल एक म्हातारी माझ्या पाया पडली. माझ्या शर्टावरचं घेऊन कपाळाला लावली. मला पाप लागंल की."

लोकांना खोकला होतोय म्हणून मी दोन वर्षं मालकांना कागद देत होते, त्यांचं काही झालं नव्हतं. पापाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. महिन्यात यंत्र आलं.

*

धूळ गेली, वास राहिला. रंगात थिनर असतो आणि भांडं उघडं ठेवलं की तो हवेत उडून जातो. झाकण ठेवा, एवढा साधा नियम. पण अण्णांची पिढी रंग डोळ्यांनी बनवणारी. रंग फिरताना भांड्यात भोवरा पडतो, त्याच्याकडे बघून ते सांगतात बॅच झाली की नाही. मी हौसेनं तीन भांड्यांना तीन झाकणं करून घेतली. दुपारी जाऊन बघते तर एका झाकणावर चहाचे कप, दुसऱ्यावर जेवणाचे डबे, तिसरं भिंतीला टेकवलेलं आणि तिन्ही भांडी उघडी.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, अण्णा, घरात आमटी उकळताना झाकण ठेवतात की नाही?

"आमटी बायको करती, म्याडम. ती पण उघडून बघतीच की."

शेवटी झाकणांना काचेच्या खिडक्या बसवल्या. अण्णा आठवडाभर रुसून होते. मग हळूहळू स्वतःच काचा पुसायला लागले. फक्त तिसऱ्या भांड्याची काच त्यांना कधीच पटली नाही. तिथला भोवरा काचेतून खोटा दिसतो म्हणे.

*

आमच्या भिंतीपलीकडे एक शेत सोडलं की तात्यांचं गुऱ्हाळ. खिडक्या बसायच्या आधीची गोष्ट. त्या हंगामात व्यापाऱ्यानं तात्यांचा गूळ परत पाठवला. गुळाला रंगाचा वास येतोय म्हणाला. आजोबांपासून नाव कमावलेला गूळ, आणि त्याला असं बोलणं! तात्या आमच्याशी भांडायला आले नाहीत. त्यांनी सरळ तक्रार ठोकली.

प्रदूषणवाले साहेब आले. गेटातच नाकाला रुमाल, डोळ्यांत पाणी. आत येऊन अण्णांना म्हणाले, एवढ्या वासात काम कसं करता?

अण्णांनी छाती भरून श्वास घेतला. "कसला वास, साहेब?"

साहेबांना वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. त्यांनी एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. पण खरं सांगते, कुणीही खोटं बोलत नव्हतं. थिनर हुंगून आमची नाकं कधीच मेली होती. मलाही वास येत नव्हता, आणि ते मला फार लागलं. ज्या वासाला मी पकडायचं, तो मलाच कळत नव्हता.

साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. वास थांबला नाही तर कारखान्याला टाळं.

*

झाकणांच्या खिडक्या तेव्हाच झाल्या. मालकांनी कोळशाचा टॉवरही उभा केला. शेडमधली हवा त्यातून जाते आणि वास कोळशात अडकतो. पण हा कोळसाही कधीतरी भरतो, मग वास परत बाहेर. वास मोजायचं मीटर भाड्यानं आणायचो, ते महिन्यातून एकदाच मिळायचं. रोजच्या रोज हुंगणार कोण? कारखान्यात चालतं नाक एकही नव्हतं.

मालक तात्यांच्या दारात गेले आणि त्यांचं नाक मागितलं.

तात्या भडकले. तक्रारही मीच करायची आणि राखणही मीच करायची व्हय, म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर! तेव्हापासून आमच्याकडे नाकाची वही सुरू झाली. तात्या भिंतीशी उभे राहणार, टोपी काढणार, नाक वर करणार. वास नसेल तर वहीत सही. असेल तर कारण सापडेपर्यंत मिक्सिंग बंद. पहिल्याच आठवड्यात तीनदा बंद पडलं. चौथ्या वेळी मालकांनी आधीच चहा मागवून ठेवला. तात्या कपाकडे न बघता म्हणाले, "च्या सही झाल्यावर."

*

एकदा तात्यांना सर्दी झाली. आमच्याकडे आनंदीआनंद, आज सही पक्की! तात्या आले, दोनदा नाक ओढलं आणि वही मिटली. मेलेल्या नाकाची सही चालत न्हाय, म्हणाले, आणि सुनेला पाठवून दिलं.

सूनबाई शाहूवाडीच्या डोंगरातली. भातशेती आणि मोकळ्या हवेत वाढलेलं ते नाक! भिंतीशी थांबलीच नाही. सरळ शेडमध्ये घुसली आणि कोपऱ्यातल्या पंपापाशी जाऊन उभी राहिली. हितनं येतोय, म्हणाली. पंप खरंच झिरपत होता, आणि तात्या आठ दिवस त्यावर सही करत होते. आमच्या मालकांनी तिला रोज यायची गळ घातली. ती म्हणाली, मला कामं हायत, मामंजींना दुसरं काय हाय?

तात्या पुढे चार दिवस फारच बारकाईनं हुंगत होते.

*

मुदत संपली आणि साहेब मीटर घेऊन आले. तात्यांनाही बोलावलं होतं. आम्ही चाळीस माणसं जीव मुठीत धरून उभी. मीटर ठीक निघालं. साहेबांनी तात्यांना विचारलं, आता वास येतो का? तात्या म्हणाले, गेले वीस दिवस न्हाय. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वारा फिरला. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला. तात्यांच्या गुऱ्हाळात चुलीला ओली चिपाडं घातली होती, त्यांच्या काळ्या धुराचे लोट भिंतीवरून आमच्या अंगावर आले. सगळी खोकायला लागली. साहेबांचा रुमाल परत नाकाला.

साहेबांनी आपली वही काढली आणि ते अण्णांकडे वळले. "हा रोजचा त्रास आहे का? तक्रार असेल तर सांगा, मी आजच तिकडे जातो."

तात्यांचा चेहरा पडला. टोपी हातात धरून ते जमिनीकडे बघत राहिले. ऐन हंगामात गुऱ्हाळ बंद म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती.

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, खोकला आला तो तसाच गिळला.

"कसला धूर, साहेब?"

साहेबांनी एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर तेच. मीही तेच सांगितलं. साहेबांनी आमच्या कागदावर सही केली आणि गाडीत बसताना ड्रायव्हरला म्हणाले, या लोकांना एकदा डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तात्या आले. खांद्यावर गुळाची अख्खी ढेप. कोरडी चिपाडं आणलीत, एवढंच म्हणाले आणि ढेप मालकांच्या टेबलावर ठेवली. मालकांनी वही उघडून पुढे केली, पेनही दिलं. तात्यांनी पेन घेतलं नाही. भिंतीशी गेले, टोपी काढली, नाक वर केलं.

"आज सही न्हाय."

आम्ही शेडकडे धावलो. अण्णा झाकण काढून तिसऱ्या भांड्यात वाकून भोवरा बघत होते.