उशीकडचा उतार

गणपतरावांनी मागच्या फाटकाला स्वतःच्या सायकलचं कुलूप घातलं होतं. आत आमच्या बल्ल्या, म्हणजे स्लॅबला टेकू द्यायचे वासे, फळ्या, दोन शिड्या, घमेली आणि फावडी. बाहेर आमचे ठेकेदार दौलतराव, चार मजूर, माल न्यायला आणलेली बैलबंडी आणि मी.

"कुलूप खोला गणपतराव. तिकडं लकडगंजच्या साइटवर माणसं बसून राहिली."

"बसू द्या. आमीबी चार रातीपासून बसूनच हाओ. तुमच्या गच्चीवर झोपताच येत नाही."

मजूर हसले. मी हसलो नाही. त्या गच्चीत काय झालं होतं ते तिथे फक्त मला माहीत होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. कुडाळकडच्या एका खेड्यात सातवीत शाळा सुटली. मावशीच्या यजमानांची बदली नागपूरला झाली, त्यांच्याबरोबर आलो. वर्षभराने त्यांची पुन्हा बदली झाली आणि मी एकटा मागे राहिलो. दौलतरावांनी मला ठेवून घेतलं. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मूळचे कुहीकडचे, घरची शेती. स्वतः चौथी शिकलेले. सातवी म्हणजे त्यांच्या हिशेबी पंडितच. त्यांनी मला टेप वाचायला लावला, लेव्हल धरायला शिकवली, आणि दोन वर्षांत मजुरांसमोर 'सुपरवायझर' म्हणून उभं केलं. राहायला त्यांच्या पडवीतली खोली, दोन वेळा जेवण त्यांच्या पत्नीच्या, वहिनींच्या हातचं. एवढं सगळं एका माणसाच्या भरवशावर असलं की रात्रंदिवस एकच भीती असते. आपल्या हातून काही चुकलं तर?

गणपतरावांचं घर जुनं, कवेलूंचं, म्हणजे कौलारू. त्यांच्या बापाने आयुष्यभर माग चालवला. गणपतरावही लहानपणापासून मागावर बसलेले, पुढे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले. घराची मागची बाजू पाडून तिथे स्लॅबच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर करायचं काम आमच्याकडे होतं. या कामात त्यांचं अंगण गेलं. उन्हाळ्यात सारं घर त्याच अंगणात खाटा टाकून झोपायचं. त्या बदल्यात डोक्यावर गच्ची मिळणार होती. ही गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी ती ऐकली होती, पण कानात ठेवली नव्हती.

स्लॅब टाकला की त्यावर कोबा करतात. विटांचे तुकडे आणि चुना कालवून पसरायचा आणि बायकांनी ओळीने बसून लाकडी थापीने दिवसचे दिवस ठोकायचा. त्याने स्लॅबमध्ये पाणी मुरत नाही. कोब्यालाच उतार देतात, म्हणजे पाणी पाइपाकडे वाहून जातं. गटार दक्षिणेच्या गल्लीत, म्हणून उतारही दक्षिणेकडे. दौलतरावांनी मला सांगितलं, "आठ फुटाले एक इंच दे." आणि पुतण्याच्या लग्नाला चार दिवस कुहीला निघून गेले.

आठ फुटाला एक इंच! मी गच्चीवर उभा राहिलो आणि मला आमच्या गावचा आषाढ आठवला. आमच्याकडे छपराचा उतार असा असतो की मांजरसुद्धा विचार करून चढतं. पाणी घरावर थांबू द्यायचं नाही, एवढं एक शास्त्र मी बापाकडून शिकलो होतो. मला वाटलं, भाऊंनी घाईत सांगितलं असेल. मी चार फुटाला एक इंच दिला. गच्ची चोवीस फूट. उत्तरेकडचं टोक तीन इंच उंच हवं होतं, ते सहा इंच झालं.

लपवायचं म्हणून नाही केलं. भाऊ खूश होतील म्हणून केलं. ते परत आले तेव्हा कोब्यावर पाणी साठवून ठेवलेलं होतं, म्हणजे क्युरिंग चालू होतं. त्यांनी जिन्यावरूनच पाहिलं आणि "वा" म्हणाले. त्या 'वा'नंतर सांगायचं राहून गेलं.

तर फाटकाशी भांडण चालू होतं. गणपतरावांच्या पत्नी, शेवंताकाकू, कमरेला पदर खोचून बाहेर आल्या.

"दौलतभाऊ, तुमीच सांगा. दक्षिणेकडं उशी केली तं डोकं खाली जाते, पाय वर. सकाळी उठलं का तोंड सुजलेलं."

"मंग उशी फिरवा ना वैनी, उत्तरेकडं करा."

"उत्तरेकडं?" काकूंनी कानावर हात ठेवले. "मेलेल्या माणसाचं डोकं उत्तरेकडं करतेत. अन् पाय जाते यमाच्या दिशेले. पाच पोट्ट्यांची माय हाओ मी."

"मंग पूर्व हाये, पश्चिम हाये. दिशा काय कमी हायेत?"

"तेबी करून पाह्यलं. धाकटी राती अंथरुणावरून घरंगळली. पाहाटे कुठं सापडली? तुमच्या पाइपाच्या तोंडाशी!"

आता मजूर पोट धरून हसायला लागले. गणपतराव मात्र तापलेले.

"बापानं अन् मी जनम घातला मागावर. सूत तिरपं असलं तं आमाले डोळे मिटून समजते. हे गच्ची तिरपी हाये. मोडा अन् नवी करा, मंगच बल्ल्या भेटतीन."

"गच्ची पाण्यासाठी असते गणपतराव."

"गच्ची झोपासाठी असते! पाणी काय, आलं अन् गेलं. उन्हाळा कुठं जाते?"

दौलतराव इरेला पेटले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "हा माया सुपरवायझर. कोकणातला हाये, पाण्यातच जन्मला. आठ फुटाले एक इंच मी सांगतला, तेवढाच यानं देल्ला. अर्धा इंचबी जास्त निघाला ना, तं सारा कोबा मी माया हातानं फोडतो. माणूस नाही लावणार. आणा लेव्हल."

"संध्याकाळी मोजा," गणपतराव म्हणाले. "आत्ता वर पाय भाजतेत."

त्या दुपारी वहिनींनी ताटात वरणभात वाढला. मी भात चिवडत बसलो. "काहून गा सदा, बरं नाही का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ऊन लागलं. दौलतराव समोर बसून मन लावून जेवत होते. माझ्यावर विश्वास टाकून माणूस इतका निवांत जेवू शकतो, हे बघून मी ताटावरून लवकर उठलो.

लेव्हल म्हणजे एक लांब पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं. एक टोक इथे, एक टोक तिथे. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत उभं राहतं, मग टेपने मोजायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. तीन इंच चुकवायला एक बुडबुडा पुरे. आणि बुडबुड्याचीही गरज नव्हती. जवळचं वाचायला दौलतरावांना चष्मा लागायचा, तो ते घरी विसरायचे. गणपतराव वरच्या टोकाला नळी धरून उभे राहणार. म्हणजे खालचा आकडा मीच वाचणार होतो. मी 'तीन' म्हटलं की तीन.

संध्याकाळी आम्ही घराच्या पुढच्या दाराने वर गेलो. काकूंनी गच्चीवर बादल्या ओतल्या. पाणी सरसर दक्षिणेकडे पळालं. खाटा मांडलेल्याच होत्या. दौलतराव म्हणाले, "आधी झोपूनच पाहतो," आणि दक्षिणेकडे उशी घेऊन आडवे झाले. माणूस वजनदार. पाच मिनिटांत चेहरा लाल. तरी म्हणतात, "मस्त झोप लागते हो. फालतूची बोंब."

"मंग बोलताना धाप काहून लागून राहिली?" काकू म्हणाल्या.

मी नळी भरली. बोटाने टिचक्या मारून सगळे बुडबुडे काढले. का काढले ते आजही नीट सांगता येणार नाही. हातांना सवय होती, हातांनी काढले. गणपतरावांनी वरचं टोक धरलं. पाणी डुचमळलं, स्थिर झालं. मी टेप लावला.

"किती?" दौलतरावांनी खाटेवरूनच विचारलं.

"सहा."

"काय सहा?"

"इंच. तीन पाहिजे होता, सहा आहे. मी दिलाय भाऊ. चार फुटाला एक."

दौलतराव उठून बसले.

"काहून?"

"पाणी थांबू नये म्हणून."

"मले विचारलं काहून नाही?"

"तुम्ही कुहीला होता."

"आल्यावर?"

मी टेप गुंडाळू लागलो. मनात मी ट्रंक भरायला घेतली होती. दोन शर्ट, एक पायजमा, आईची पत्रं. परतीला किती गाड्या बदलाव्या लागतात तेही मोजून झालं.

दौलतराव सावकाश उभे राहिले आणि गणपतरावांकडे वळले. "छन्नी-हातोडी हाये का घरात? माई छन्नी तं तुमच्या कुलपात हाये."

"म्हंजे?"

"फोडाले. बोललो ना सकाळी."

गणपतराव गडबडले. "अहो, पोराची चूक, तुमी काहून फोडता?"

"साइटवर पोरगं नसते गणपतराव. ठेकेदार असते. पाहाले पाहिजे होतं, मी पाह्यलं नाही." मग माझ्याकडे न बघता, "अन् तू काय पाहून राहिला बे? धर तिकडून."

गणपतरावांनी खिशातून किल्ली काढली आणि मागचं कुलूप उघडायला खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बल्ल्या लकडगंजला रवाना झाल्या. त्यासाठी कोणी कोणाला शब्द मागितला नाही.

कोबा 'फोडणं' म्हणजे खरं तर सोलणं. घणाचा एक घाव जोरात बसला तर खालचा स्लॅब तडकतो आणि मग गच्ची जन्मभर गळते. सुदैवाने चुना महिनाभर तरी कच्चाच असतो आणि वरची शेवटची घोटाई बाकी होती. उत्तरेकडून हलक्या हाताने थर काढत यायचं होतं. दौलतरावांनी शब्द पाळला. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी ते स्वतः छन्नी घेऊन बसायचे. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखत होते. मी त्यांच्या शेजारी. बोलणं बंद.

अडचण आली दोरीची. सरळ सोलायचं तर मापाची दोरी ताणून बांधावी लागते. आमची सुतळी चोवीस फुटांत मध्येच झोळ खायची आणि तिथे खळगा पडायचा. दुसऱ्या संध्याकाळी गणपतराव ड्यूटीवरून आले आणि म्हणाले, "हे काय चऱ्हाट बांधलं बाप्पा?" घरातून बापाच्या वेळची सुताची गुंडी घेऊन आले. इतका बारीक धागा की डोळ्यांना दिसायला वेळ लागावा. त्यांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत असा ताणला की बोट लावलं तर वाजेल. एक नाही, हातभर अंतराने ओळीने सतरा धागे. सारी गच्ची मागासारखी दिसायला लागली.

"आता सोला. धाग्याले हात लावान तं पाहा."

रोज संध्याकाळी ते धागे तपासायचे आणि दौलतरावांना दटावायचे, "तिकडं जास्त गेलं गा!" काकू ताकाचे ग्लास वर पाठवायच्या. सहाव्या दिवशी दौलतराव माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. "तुया गावाले लयच पाणी पडते का बे?"

मी म्हटलं, "हो भाऊ. चार-चार दिवस थांबत नाही."

"मंग बरोबर हाये तुयं," ते म्हणाले. "फक्त गाव चुकलं."

नंतर बायकांनी पुन्हा थापीने ठोकलं, पुन्हा क्युरिंग, मग घोटाई. हे सगळं होईपर्यंत मृग तोंडावर आला. त्या घराला तिथे झोपायला मिळालं जेमतेम आठ दिवस. काकूंनी मलाही जेवायला बोलावून वर खाट टाकून दिली, दक्षिणेला उशी. सगळे गाढ झोपले. मी मात्र जागाच. इतक्या कमी उतारावर पाणी तुंबेल, ही काळजी. पावसाळ्यात मी तीनदा जाऊन बघून आलो. गच्ची गळली नाही. काकू म्हणाल्या, "पाणी पाहाले येतं का जेवाले?"

पुढे मी स्वतः ठेकेदार झालो. पुष्कळ गच्च्या केल्या. इंजिनियर लोक सुरुवातीला विचारतात, पाऊस किती पडतो. मी घरातल्या बाईला विचारतो, उशी कुठल्या बाजूला. मगच लेव्हल काढतो, आणि आकडा मालकालाच वाचायला लावतो.

चार फुटाला एक इंच उतार त्यानंतर मी एकदाच दिला. माझ्या गावच्या घराला. तिथे गच्चीवर कोणी झोपत नाही.