दोघांनाही बुधवार

मी भांडखोर आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. पण जी कधी जन्मालाच आली नाही अशा एका नाटकातल्या मुलीसाठी मी इतकी भांडेन, असं मलाही वाटलं नव्हतं.

मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला काम करते आणि संध्याकाळी शहरात नाटक करते. आमच्या हौशी संस्थेनं त्या वर्षी स्पर्धेसाठी एक जुनं तीन अंकी विनोदी नाटक काढलं. जुनं म्हणजे अगदी पगडी-उपरण्याच्या काळातलं. संस्थेनं ते आधीही पुष्कळदा केलेलं होतं, आणि त्याचं सगळं कसं करायचं ते ठरून गेलं होतं. दिग्दर्शक सर बँकेतून निवृत्त झालेले, वेळेच्या बाबतीत कडक. नायिकेच्या बापाचं काम दर वेळी चाचांकडं. चाचांचं चष्म्याचं दुकान आहे. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि रंगमंचावर उभे राहिले की असं मराठी, की ऐकत राहावं.

नाटकाची गोष्ट सोपी आहे. एका फुशारक्या मारणाऱ्या वकिलानं आपली एकुलती एक मुलगी दोन ठिकाणी कबूल केली आहे, एकाला पंगतीत शब्द दिला, दुसऱ्याला प्रवासात. आता एकाला बुधवारी आणि दुसऱ्याला शुक्रवारी बोलवायचं, म्हणजे तोवर काहीतरी मार्ग निघेल, असा त्याचा बेत. पण दोघेही बुधवारीच येऊन टपकतात. मग एकाला माजघरात दडव, दुसऱ्याला माळ्यावर चढव, असा दोन अंक धुमाकूळ. शेवटी दोघे समोरासमोर येतात, बापाला नाही नाही ते बोलून निघून जातात आणि बाप चक्कर येऊन पडतो. घरातला गडी विसरभोळा आहे, त्यानंच निरोपाचा घोळ घातला, असं नाटकातला जो तो म्हणतो. आणि नायिका काय करते? चहा आणते, आत जाते, परत चहा आणते.

बाप पडल्यावर बाप-लेकीचा तीन पानांचा एक प्रवेश आहे. तो नेहमीप्रमाणं कापायचा, असं सरांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं.

"वेळेत बसत नाही," ते म्हणाले. "आणि बाप पडला की नाटक संपलं. संघर्ष कुणाचा आहे? बाप आणि दोन नवरदेव यांचा. ती काय, निमित्त."

चाचांची हरकत असायचं कारणच नव्हतं. त्यांच्या पडण्यावर टाळी यायची आणि टाळीवर पडदा. मला मात्र तो निमित्त शब्द असा झोंबला, की घरी गेल्यावर जेवण गोड लागलं नाही.

आमच्याकडं नायिकेच्या बाबतीत एक रीत आहे. शहरात नाटकात काम करणाऱ्या बायका मोजक्या, त्यामुळं एकीला दोन-तीन संस्था सांभाळाव्या लागतात. ती तालमीला येते शेवटी शेवटी. तोवर तिची प्रॉक्सी लावतात. म्हणजे जो मोकळा असेल तो, लाइटवाला नाहीतर पडदा ओढणारा, खुर्चीत बसून तिची वाक्यं घडाघडा वाचून मोकळा होतो. बाकीच्यांची तालीम त्या आगगाडीवर बसते. मी म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून येणार. "कशाला? तुझं काम केवढंसं," सर म्हणाले. तरी मी गेले. तर मी कोपऱ्यात उभी आणि लाइटवाला सवयीनं माझीच वाक्यं वाचतोय, असंही झालं. मी त्याच्या हातातून कागद काढून घेतले तेव्हा कुठं त्याला माझी आठवण झाली.

मग मी कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर संहिता वाचायला लागले. बाकीच्यांची वाक्यं गाळून फक्त तिची वाचायची, असं ठरवलं. पैठण रोडला बस अडकली होती आणि मला वेळच वेळ होता. पहिल्या अंकात ती बापाच्या वतीनं गड्याला पहिल्या स्थळाकडं धाडते, "म्हणावं, बुधवारी या." मधे बाप येतो, स्वतःच्या अकलेचे गोडवे गातो, पंधरा मिनिटं हशा पिकवतो. मग ती गड्याला दुसऱ्या स्थळाकडं धाडते, "म्हणावं, बुधवारी या." दोन्ही वेळा गडी म्हणतो, "बरं ताई." बस्स.

गड्यानं काहीच घोळ घातला नव्हता. सांगितलं तसंच त्यानं जाऊन सांगितलं होतं. तो विसरभोळा, म्हणून नाटकातल्या लोकांनी खापर त्याच्या डोक्यावर फोडलं आणि आम्हीही माना डोलावल्या. लाइटवाल्यानं घडाघडा वाचलेल्या त्या दोन वाक्यांत दोघांनाही बुधवार आहे, हे ऐकणार कोण? मी बसमध्ये मोठ्यानं हसले. शेजारची पॅकिंगमधली मैत्रीण म्हणाली, "काय गं, येडी झाली का?"

"नाय," मी म्हटलं. "आत्ताच शहाणी झाले."

तिनं असं का केलं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचं गाव देवगाव रंगारी. तिथं मला लई वेळा दाखवली. ट्रे घेऊन बाहेर यायचं, कप ठेवायचे, आत जायचं. आई कानात सांगायची, "खाली बघ. इचारलं तेवढंच बोल." पण दाराआड उभं राहिलं की सगळं ऐकू येतं. कोण पगार विचारतो, कोण रंगावर बोलतो, आणि आपला बाप कसा घाईघाईनं हो हो म्हणत सुटतो, तेही. राग यायचा, आणि त्याच वेळी बापाची दयाही यायची. ही मुलगी तिथंच अडकली आहे. बापानं दिलेला शब्द लेकीला मोडता येत नाही. पण बापाचाच एक शब्द दुसऱ्यावर नेऊन आदळला, तर दोन्ही आपोआप फुटतात. तिनं तेवढंच केलं. म्हणजे संघर्ष बाप आणि नवरदेवांचा नव्हताच. तिचा जीव बापावर आहे आणि तिला कुणी असं वाटून टाकलेलं नको आहे, या दोन गोष्टींची झुंज तिच्या एकटीच्या पोटात चालू आहे. दर वेळी चहा घेऊन येते ती आपण लावलेली आग कुठवर आली ते बघायला.

आणि ती तीन पानं? शुद्धीवर आल्यावर बाप गड्याला घराबाहेर काढायला निघतो. ती जिंकलेली आहे. गप्प बसली तर कुणाला कधी कळणार नाही. तेव्हा ती म्हणते, "गड्यानं नाही, बाबा. मी." तो प्रवेश कापला तर उरते ती गरिबाच्या नोकरीवर स्वतःची सुटका करून घेणारी लबाड पोरगी.

मी हे सगळं सरांपुढं मांडलं. अर्थात शांतपणे नाही.

"हे तुझं वाचन झालं," सर म्हणाले. "इतकी वर्षं हे नाटक करतोय आम्ही."

"इतकी वर्षं तिचं कुणी ऐकलंय का, सर? तुम्ही प्रॉक्सीला ऐकलंत."

सरांचा चेहरा उतरला, पण माणूस न्यायाचा. रविवारी सलग तालीम घेऊ, ते म्हणाले, प्रवेश उभा राहिला तर ठेवू, नाहीतर परत विषय काढायचा नाही. मी कबूल झाले आणि शनिवारभर धास्तावून हिंडले.

रविवारी ते दुसरं 'बुधवारी या' म्हणण्याआधी मी थांबले. आत बाप गुणगुणतोय, तिकडं एकदा पाहिलं आणि मग म्हटलं, "म्हणावं, बुधवारी या." तिसऱ्या अंकात चाचा पडले, उठले, गड्यावर काठी घेऊन धावले. मी म्हटलं, "गड्यानं नाही, बाबा. मी." पुढचं वाक्य त्यांचं होतं. ते आलंच नाही. चाचा काठी उगारलेलीच ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मग सरांकडं वळले.

"सर, ये छोकरीनं मेरेकू इतने सालां से उल्लू बनाया, और मैं इस बिचाऱ्याला मारतोय," ते म्हणाले. "ये सीन नै काटना. माझी टाळी गेली तर जाऊ द्या."

सरांनी प्रवेश ठेवला आणि त्याच्या वेळेसाठी नवरदेवांची समोरासमोरची कुस्ती कापली. ती समस्त पुरुष मंडळींची लाडकी होती, त्यामुळं दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

आमचा प्रयोग सकाळच्या सत्रात होता. पहिल्या अंकात मी तो दुसरा बुधवार सांगितला, आणि डाव्या बाजूच्या रांगांतून हसू उठलं. तिथं कारखान्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं. पुरुष एक अंक उशिरा हसले. त्यानंतर माझ्या प्रत्येक चहाला हशा होता, मी नुसती कपबशी उचलली तरी.

शेवटचा प्रवेश आला. चाचांनी काठी उगारली. मी म्हटलं, "गड्यानं नाही, बाबा. मी." चाचा अगदी हळू म्हणाले, "तू?" मी म्हटलं, "दोन्ही निरोप माझेच. मला दोघंही नको होते, आणि तुम्हाला नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं."

टाळी सुरू झाली ती थांबेचना. मला भरून आलं आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेत पाहिलं. सर घड्याळ हातात धरून उभे होते, आणि वेळ संपत आली होती हे मला ठाऊक होतं. त्यांनी घड्याळ खिशात घातलं आणि हातानं खूण केली, घे, तुला हवा तेवढा वेळ घे. मी टाळी पुरती विरेपर्यंत उभी राहिले आणि पुढचं वाक्य सावकाश म्हटलं.